व्हॉल्व्ह बदलण्याचा उन्हाळा

चैत्र संपत आला की आमच्या ओतूरच्या शिवारात कांदा उपटायला सुरुवात होते. बायका दिवस उगवायच्या आधीच वाफ्यात बसतात आणि ऊन तापेपर्यंत वाफ्यावाफ्यात ढीग लागतात, वर त्याच कांद्याच्या पातीचं पांघरूण. पात वाळायला लागली की एक वास सुटतो. कापलेल्या कांद्याचा तिखट वास तो नव्हे. हा थोडा गोडसर असतो, तापलेल्या मातीचा आणि मरत चाललेल्या हिरव्याचा. बाहेरच्या माणसाच्या तो लक्षातही येणार नाही. माझ्या येतो, आणि गेली तीन वर्षं तो आला की मी मागची खिडकी लावून घेते.

कांद्यानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून मी खिडकी लावते, असं कामाच्या बायकांना वाटतं. मी वाटू देते. समोरच्याला जे वाटतंय ते वाटू द्यायचं, ही माझी जुनी सवय आहे. त्या सवयीनं एका उन्हाळ्यात काय केलं ते आज लिहायला बसले आहे. आज बाजारचा दिवस, यजमान बेल्ह्याला गेलेत, घरात मी एकटी आहे.

माझ्या यजमानांना सगळं गाव अण्णा म्हणतं. लिहिताना मीही अण्णाच म्हणते. लग्न होऊन मी ओतूरला आले तेव्हा एसटी स्टँडच्या समोर त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात कायम राळेचा आणि वितळलेल्या कथलाचा वास. लोक नादुरुस्त रेडिओ घेऊन यायचे, अण्णा तो उघडायच्या आधी नुसता लावून ऐकायचे. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून. मग म्हणायचे, "कंडेन्सर गेलाय," किंवा "स्पीकरचा कागद फाटलाय." उघडल्यावर तेच निघायचं. गावात त्यांच्या हातांपेक्षा कानांचा बोलबाला होता. दुकानात त्यांच्यासोबत हिरामण बसायचा. अण्णांपेक्षा सहासात वर्षांनी लहान, बेल्ह्याचा. नात्याचा नव्हता, पण आमच्या घरात त्याचं ताट कुणी विचारून वाढलं नाही, ते वाढलेलंच असायचं.

मग टीव्ही आले, मग मोबाईल आले. रेडिओ दुरुस्त करून घेणारं कुणी राहिलं नाही. अण्णांनी दुकान बंद करून त्याच जागेत पिठाची गिरणी टाकली, आणि हिरामण बेल्ह्याला परतला. तिथं बैलबाजाराच्या कडेला, दावणी संपतात त्याच्या पलीकडे, तो जुन्या सामानाचं पाल लावू लागला. पंपाचे सुटे भाग, पंखे, आणि कुणाच्या माळ्यावरून उतरवलेले जुने रेडिओ.

गिरणी अठरा वर्षं चालली. त्या अठरा वर्षांत मुलीचं शिक्षण झालं, घराला स्लॅब पडला, विहिरीवर मोटार बसली. गिरणीत पट्ट्याचा फटफटाट आणि जात्याची घरघर एवढी असायची की दळण घ्यायला आलेल्या बायका अण्णांशी खुणेनं बोलायच्या. संध्याकाळी ते घरी आले की भुवयांवर पीठ असायचं आणि टीव्हीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा. मी म्हणायचे, "जरा बारीक करा." ते म्हणायचे, "बारीकच हाय की." हे संभाषण आमच्याकडे किती वर्षं चाललं असेल! मला एकदाही वाटलं नाही की यात काही आहे. नवरे टीव्ही मोठ्यानं लावतात, एवढंच मला वाटायचं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा गिरणी विकली. पहिले काही महिने अण्णा नुसते ओट्यावर बसून असायचे. नंतर एक दिवस माळ्यावरची जुनी ट्रंक खाली आली, सोल्डरिंगची काडी तापली, आणि मोबाईलवर कुणीतरी काढून दाखवलेला नकाशा बघत त्यांनी एक अँप्लिफायर बनवायला घेतला. हेडफोनचा, आणि तोही व्हॉल्व्हचा. मुलीनं वाढदिवसाला पुण्याहून चांगला हेडफोन पाठवला होता, त्याला शोभेल असं काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यात त्यांनी दोन सॉकेट बसवली. त्यात बोटाएवढ्या काचेच्या दोन नळ्या उभ्या, जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह हेच. चालू केलं की आतली तार हळूहळू लाल व्हायची आणि अर्ध्या मिनिटानं हेडफोनमध्ये आवाज यायचा. तो फाल्गुनाचा शेवट होता. शेतात कांद्याच्या माना पडायला लागल्या होत्या, म्हणजे काढणी जवळ आली होती.

हिरामणला निरोप गेला. दर बाजार झाला की तो मोटरसायकलवरून यायला लागला. डिकीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात कापसात गुंडाळलेले जुने व्हॉल्व्ह.

"अण्णा, ह्यो ऐका. ह्यो लई जाड बोलतो. आन ह्यो दुसरा जरा बारीक हाय, पण गोड."

"व्हॉल्व्ह बोलतो होय, भाऊजी?" मी हसून विचारलं.

"बोलतो की, वहिनी. दोन सख्खं भाऊ एकच शब्द म्हणत्यात, पण आवाज सारखा असतो व्हय?"

मला ते खरं वाटलं नव्हतं. काचेची नळी बदलल्यानं गाणं कसं बदलेल? पण एका दुपारी अण्णांनी मला समोर बसवलं. त्यांनी बटण बंद केलं. काच थंड होईपर्यंत थांबले, मग रुमालाच्या घडीत व्हॉल्व्ह धरून जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवत सरळ वर ओढला. दुसरा घेतला, त्याचे पाय भोकांवर जुळवले, अंगठ्यानं दाबला. तार लाल झाली. हेडफोनमध्ये तेच भजन, तोच गळा, पण आधी तो गळा भिंतीपलीकडून आल्यासारखा होता आणि आता माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. टाळाची किणकिण वेगळी झाली होती. मी हेडफोन काढून अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू गाणं त्यांनीच म्हटलं होतं.

ते दोनतीन आठवडे फार सुखाचे गेले. हे कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं आधीपासूनच काळं होतं असं वाटेल. मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात शिकवत होते; अकरावीचे पेपर तपासत आतल्या खोलीत बसायचे. ओट्यावर ते दोघं. मधूनच हिरामणचं हसणं, मधूनच "थांब, थांब, हात नको लावू, गरम हाय." बाहेर उन्हात कांदा वाळत पडलेला. मला वाटायचं, म्हातारपण असंच जाणार असेल तर काही वाईट नाही.

मग ट्रंकेतून एक जुनी कॅसेट निघाली.

दुकान चालत होतं तेव्हाची गोष्ट. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला कुणाचातरी रेडिओ दुरुस्त करायला ते दोघं गेले होते. घोडेगावावरून पुढं धरणाच्या कडेकडेनं जाणारा रस्ता, शेवटी नुसता डोंगर. रात्री तिथंच मुक्काम पडला. सकाळी निघण्याआधी त्यांना गावाची देवराई दाखवायला एक म्हातारा घेऊन गेला. राईत चपला घालून जायचं नाही, आतली वाळकी काडीसुद्धा बाहेर आणायची नाही, असा नेम. अण्णांच्या खांद्याला टेपरेकॉर्डर होता. त्यांनी विचारलं, "बाबा, आवाज घेतला तर चालंल का?" म्हातारा थोडा विचार करून म्हणाला होता, "आवाज न्या. आवाज नेल्यानं राई काय कमी व्हत नाय."

त्या कॅसेटमध्ये अर्धा तास राई आहे. कुठल्याशा पाखराची लांबलचक शीळ, पानांवरून टपटपणारं दव, मध्येच हिरामणचा खोकला आणि अण्णांचं दबक्या आवाजातलं "गप की." आणि या सगळ्याच्या मागं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रातकिडे. त्या राईत दिवसाही अंधार असतो म्हणे, त्यामुळे रातकिडे कधी थांबत नाहीत. लग्नानंतर पहिल्या वर्षी अण्णांनी मला ती कॅसेट ऐकवली होती. "किडे ऐक," म्हणाले होते. "लोकांना पाखरू ऐकू येतं. खरा आवाज किड्यांचा हाय. तो आला म्हंजी मशीन चांगलं." पुढं दुकानात कुठलाही टेप दुरुस्त झाला की शेवटची परीक्षा या कॅसेटवर व्हायची.

तर त्या वैशाखातल्या दुपारी अण्णांनी जुना टेप अँप्लिफायरला जोडून कॅसेट लावली, हेडफोन घातला, डोळे मिटले. मी दारातून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. आवाज वाढवला. पुन्हा मिटले. मग बटण बंद केलं, व्हॉल्व्ह बदलला, पुन्हा लावलं. तासभर हे चाललं. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

"शैला, जरा इकडं ये. पाखरू येतंय, खोकला येतोय. पण किडे येत नाहीत. बघ बरं तुला येतात का."

मी हेडफोन घातला.

किडे होते. नुसते होते असं नाही, कान भरून होते. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सगळी राई किरकिरत होती. अण्णांनी आवाज इतका वाढवून ठेवला होता की मला ते टोचले. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. गिरणी, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी सांगायचे आणि ते कधीच मोजायचे नाहीत ते, मोबाईल शेजारी वाजत असताना शांत बसणं. सगळं एका रांगेत उभं राहिलं.

अण्णा माझ्याकडे बघत होते. कानांवर ज्यानं आयुष्य काढलं तो माणूस मला विचारत होता, येतंय का.

"नाही," मी म्हटलं. "नाही येत. कमीच आहेत जरा."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "तरी म्हटलं. व्हॉल्व्ह मेलेत."

मी ते प्रेमापोटी बोलले, असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आले. त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही, म्हणून. ते अगदीच खोटं नाही. पण आता तीन उन्हाळे उलटल्यावर मला दुसरंही आठवतं. आतल्या खोलीत पेपरांचा गठ्ठा पडला होता आणि दोन दिवसांत तो द्यायचा होता. "तुमचे कान गेलेत" असं म्हटलं असतं तर ती दुपार गेली असती, ती संध्याकाळ गेली असती, रागावणं, न जेवणं, सगळं आलं असतं. "नाही येत" म्हटलं आणि दोन मिनिटांत मी पुन्हा पेपरांपाशी होते. विद्यार्थ्यांनी उत्तर टाळलं तर मी समासात लाल शाईनं "मुद्दा सोडून लिहिले आहे" असं लिहायचे. त्या दुपारीही लिहिलं असेल.

त्यानंतर व्हॉल्व्ह बदलणं हा खेळ राहिला नाही. अण्णा हिरामणला फोन करून सांगायचे, हा चालत नाही, तोही चालत नाही. हिरामण शोध घेत फिरायचा. कुठं मंचरला एका जुन्या डॉक्टरांच्या घरचा रेडिओ, कुठं कुणाच्या आजोबांचा. प्रत्येक व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून आणायचा. अण्णांनी एक वही केली. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर, आणि पुढं बारीक अक्षरात शेरा. "आवाज जाड. किडे नाहीत." "पाखरू लांब गेले. किडे नाहीत." "बरा आहे, पण किडे नाहीत." पानंच्या पानं. काढणी जोरात होती, मजूर मिळत नव्हते, वळवाचे ढग दुपारी हरिश्चंद्रगडाच्या बाजूला जमून यायचे आणि सगळं शिवार कांदा झाकायला धावायचं. अण्णा मात्र ओट्यावर काच थंड व्हायची वाट बघत बसलेले.

एकदा मी म्हणून बघितलं. "नारायणगावला कानाचे चांगले डॉक्टर आहेत म्हणे. सहज दाखवून यायचं का?"

त्यांनी हातातला रुमाल खाली ठेवला. "माझ्या कानाला काय झालंय? तुलाबी येत नाहीत ना किडे? मग तुझेबी कान गेले का?"

यावर माझ्यापाशी उत्तर होतं. चार शब्दांचं. मी ते दिलं नाही. एकदा खोटं बोललेलं माणूस दुसऱ्यांदा खरं बोलायला जातं तेव्हा त्याला आधी पहिल्याचा जबाब द्यावा लागतो. तो मला द्यायचा नव्हता.

आणि त्या रिकाम्या जागेत संशय शिरला. पुण्याहून मोटारी घेऊन लोक बेल्ह्याला जुने व्हॉल्व्ह शोधत येतात, हे अण्णांना कुणीतरी सांगितलं. हौशी लोक, चांगला माल निवडून नेणारे.  जेवताना अण्णा एकदम म्हणाले, "म्हंजी चांगलं तिकडं जातंय." मी भाकरी वाढत होते. म्हटलं, "हिरामण भाऊजी तसं करायचे नाहीत." पण ते मी इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की ते त्यांना ऐकू गेलं नसणार. आणि जाणार नाही हे मला माहीत होतं.

हिरामण आला तो वैशाखातला शेवटचा बाजार. शेतात शेवटचे दोन वाफे राहिले होते. त्यानं डबा आणला नव्हता. खिशातून हातरुमालाची पुरचुंडी काढली, त्यात दोन व्हॉल्व्ह.

"अण्णा, ह्यो जोड लावा. ह्याच्यात न्हाई आले किडे, तर मी धंदा सोडीन."

अण्णांनी जोड लावला. तार लाल झाली. मी चहाच्या कपबशा घेऊन ओट्यावर आले तेव्हा ते हेडफोन घालून बसले होते. चेहरा दगडासारखा. त्यांनी हेडफोन काढला आणि हिरामणच्या पुढं टाकला.

"नाहीत."

हिरामणनं हेडफोन घातला. क्षणभर ऐकलं आणि हसला. "येत्यात की अण्णा! मोप येत्यात. कानात नुसतं ओरडत्यात."

"खोटं बोलू नको."

"खोटं कशापायी बोलू?"

"चांगलं पुण्याच्या मोटारवाल्यांना आन भंगार मला. आन वर मलाच सांगतोस येत्यात म्हणून. किती वर्षं माझ्या घरात जेवलास, हिरामण."

हिरामणचं हसू गेलं. तो म्हणाला, "अण्णा, ह्यो जोड मी माझ्या सोत्ताच्या रेडिओतून काढून आणलाय. घरच्या. आज सकाळी."

"हिला विचार," अण्णा म्हणाले. "हिलाबी येत नाहीत. ही तर खोटं बोलत नाही ना? विचार."

हिरामणनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या कानांवर अजून हेडफोन होता, एका बाजूनं सरकलेला, आणि त्यातून बारीक किरकिर बाहेर येत होती. मला ती उभ्याउभ्या ऐकू येत होती.

"वहिनी, तुमी सांगा."

आजही हे लिहिताना मला वाटतं की आता तरी मी खरं बोलेन. एकच शब्द होता. येतात. अण्णांना धक्का बसला असता, ते माझ्यावर चिडले असते, महिनाभर बोलले नसते. पण एक माणूस तिथं खरा ठरला असता, आणि तो खराच होता.

"मला त्यातलं काय कळतंय, भाऊजी," मी म्हटलं. कपबशा खाली ठेवल्या आणि आत गेले.

आतून मला ऐकू आलं, हिरामण म्हणाला, "बरं." मग मोटरसायकल चालू झाली. मी बाहेर आले तेव्हा चहा तसाच होता. तो जोड तसाच अँप्लिफायरवर उभा होता, लाल.

पुढचे पाच महिने तो आला नाही. अण्णांनी फोन केला नाही. मीही केला नाही. पाऊस झाला, भात लागवडी झाल्या, ज्येष्ठात चाळीत भरलेला कांदा दिवाळीत बाहेर निघाला. दिवाळीला मुलगी आली. ती तीन दिवस वडिलांशी बोलली आणि चौथ्या दिवशी, आम्हाला दोघांनाही न विचारता, नारायणगावच्या दवाखान्यात वेळ घेऊन आली. मी अठरा वर्षांत जे बघितलं नाही आणि बघितल्यावर जे बोलले नाही, ते तिला तीन दिवसांत कळलं आणि तिनं ते बोलून टाकलं. अण्णा तिच्यावर चिडले नाहीत. मुकाट्यानं कपडे घालून निघाले. मुलगी त्याच दुपारी पुण्याला जाणार होती, म्हणून सोबत मी गेले.

तपासणी करणारी मुलगी तरुण होती. तिनं अण्णांना काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ अण्णांचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. नंतर तिनं कागद दाखवला. त्यावरची रेघ थोडा वेळ सरळ चालत होती आणि मग कड्यावरून पाय सुटावा तशी खाली गेली होती.

"काका, बारीक आवाज गेलेत तुमचे," ती मोठ्यानं म्हणाली. "पाखरं, किडे, कुकरची शिट्टी. मोठ्या आवाजाच्या ठिकाणी काम होतं का?"

"गिरणी," अण्णा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले.  मग बाहेर बघतच म्हणाले, "म्हंजी हिरामण खरं बोलत व्हता."

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिले.

"आन तू?" आता ते माझ्याकडे वळले. "तुला येत व्हते का गं किडे?"

"हो," मी म्हटलं. बसच्या त्या खडखडाटातही तेवढं त्यांना बरोबर ऐकू आलं.

त्यांनी मला का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी प्रेमाचं कारण सांगितलं असतं आणि त्यांनी ते कदाचित मानलंही असतं. ओतूर आलं, आम्ही उतरलो. घरी आल्यावर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "मी त्याला काय बोललो त्याचं मी बघीन. पण आधी तू जा. तू काय बोलली न्हाईस, ते तू सांगून ये."

आमच्यातलं बोलणं काही थांबलं नाही. मोटार चालू केली का, भाजीला मीठ जास्त झालं, मुलीचा फोन आला होता, हे सगळं चालतं. पण त्या दिवसापासून त्यांनी मला "जरा ऐक बरं" असं कधी म्हटलेलं नाही. मोटारीचा आवाज वेगळा येतोय का, हेही ते शेजाऱ्याला बोलावून विचारतात. त्यांना कानाचं यंत्र मिळालं. त्यातून त्यांना पुष्कळ ऐकू येतं. पण एखादी गोष्ट ऐकू आली की नाही याची खात्री करायला माणूस लागतं, आणि ते माणूस आता मी नाही.

मी महिनाभर टाळलं. शेवटी मार्गशीर्षातल्या एका बाजाराला आळेफाट्यावरून बस बदलून बेल्ह्याला गेले. थंडी होती. बैलांच्या शिंगांना रंग लावलेले, टेंपोतून जनावरं उतरत होती, धुळीत सगळे आवाज मिसळलेले. हिरामणचं पाल दावणींच्या पलीकडेच होतं. त्यानं मला बघितलं, उठून उभा राहिला, गोणपाट झटकून पसरलं.

"या वहिनी. बसा."

मी बसले. किती पाठ करून आले होते! त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, त्यांचे कान गेलेत. डॉक्टरांनी सांगितलं."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी कळलं. माझ्या कानात किडे ओरडत व्हते आन अण्णा न्हाई म्हणत व्हते. म्हंजी कान. दुसरं काय असणार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलून त्येंना पटलं असतं व्हय? मी तर चोर झालो व्हतो तवा." तो एक पंख्याचं पातं पुसत होता, पुसतच राहिला. "म्हणून तुमच्याकडं बघितलं, वहिनी. म्हटलं, ह्या घरातल्या हाईत, ह्या बोलतील."

मी खाली बघितलं. त्यानं विचारलं, "तुमाला येत व्हते ना?"

"हो."

त्यानं मान हलवली, जणू एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं, भाऊजी." त्यानं पलीकडच्या टपरीवाल्याला हाक मारून एक चहा सांगितला. एकच. चहा आला, त्यानं तो माझ्यापुढं ठेवला.

"अण्णांना म्हणावं, बाजाराला या," तो म्हणाला. "हितं बसू. त्येंचा मला राग न्हाई. त्येंना ऐकू येत नव्हतं." मग त्यानं पातं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. "तुमाला येत व्हतं."

तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक पंपाचा भाग विचारत आलं आणि तो उठला. मी चहा प्यायले. तो गोड होता आणि मला सगळा प्यावा लागला. नंतर त्याला सांगून निघाले, "येते." तो गिऱ्हाइकाशी बोलतच "हं" म्हणाला.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा शेतात होते, नव्या कांद्याच्या लागणीला पाणी देत होते. रोपं नुकती उभी राहायला लागली होती. मी बांधावर उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, फावडं टेकवलं.

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. बाजाराला बोलावलंय, राग नाही, तेही सांगितलं, आणि शेवटचं वाक्य जसं होतं तसं, त्याच शब्दांत.  मग त्यांनी कानाला हात लावला. पाण्यात भिजू नये म्हणून यंत्र घरीच काढून ठेवलं होतं.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "परत सांग. मोठ्यानं."

शेजारच्या वाफ्यात चार बायका लागण करत होत्या. त्यांचे हात थांबले. मी श्वास घेतला आणि ते सगळं, पहिल्या शब्दापासून, पुन्हा सांगितलं. ओरडून.

"हां," अण्णा म्हणाले. "आता आलं." आणि फावडं उचलून ते पाण्याकडे वळले.